भुकेचे पत्रक कोणत्या भाषेत?

आमच्या महाविद्यालयात काही महिन्यांपूर्वी मराठी साहित्यातल्या भुकेवर एक दिवसाचे चर्चासत्र झाले. दलित आत्मकथने, ग्रामीण कथा, दुष्काळाची कविता असे अपेक्षित थांबे घेत ते यथासांग पार पडले. तुकोबांच्या घरात १६३०च्या सुमारास शिरलेला दुष्काळ आला, १९७२चा दुष्काळ आला, अण्णा भाऊ आले, ढसाळ आले. 'भुकेचे सौंदर्यशास्त्र' हा शब्दप्रयोग तर इतक्यांदा आला की शेवटी त्यातली भूक उडून गेली आणि नुसते सौंदर्यशास्त्र उरले. मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलापाशी मात्र निराळ्याच भुकेची चर्चा रंगली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे वजन चार-पाच महिन्यांत डोळ्यांत भरण्याइतके उतरले होते. आठवड्याला एक सुई, एवढेच त्याचे रहस्य. "भूक म्हणून लागतच नाही हो," असे ते सांगत होते आणि बाकीचे हातातल्या बटाटेवड्याकडे अपराधी नजरेने पाहत ऐकत होते. समारोपाच्या भाषणात या सुईचा उल्लेख झाला नाही. होण्याचे कारणच काय, असे कुणीही म्हणेल. कारण होते, आणि ते मोठे होते, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठीच हा लेख.

चर्चासत्रानंतर पंधरवड्याने माझी एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती नवलाख उंबरे या गावची. ज्यांना मावळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: हे तळेगाव दाभाड्याच्या पलीकडचे गाव. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्राने या परिसराचे रूप पालटले. भातखाचरांच्या बांधाला लागून आता कारखान्यांची कुंपणे आहेत. मुलीने मराठी घेऊन बी.ए. केले आणि त्यातल्याच एका कारखान्यात ती पाळ्यांमध्ये काम करते. लग्नाला वर्ष झालेले. वजन वाढले म्हणून घरात आणि बाहेर बोलणी ऐकून घेतलेली. कुणाच्या तरी ओळखीने तिने इंजेक्शनचे पेन मिळवले होते. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. चार दिवस उलट्या होत होत्या, तरी ती पाळीला उभी राहत होती. पिशवीतून तिने खोक्यातले घडी घातलेले पत्रक काढले आणि म्हणाली, "मॅडम, यात काय लिहिलंय ते सांगाल का? तुम्ही मराठीच्या म्हणून नाही, तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून आले."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. पत्रक उलगडले तर टेबलभर झाले. अक्षरे मुंगीएवढी. माथ्यावरच्या ओळीचा अर्थ असा, की हे फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्या वापरासाठी आहे. म्हणजे सुई जिच्या पोटात शिरते, तिला पत्रकाने पहिल्याच ओळीत दाराबाहेर उभे केलेले. शब्दकोश शेजारी ठेवून मी तासभर वाचत राहिले. तिसऱ्या की चौथ्या रकान्यात एक वाक्य सापडले: गर्भधारणेचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी औषध थांबवावे. मी तिला विचारले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मूल हवंय म्हणूनच तर वजन कमी करायला घेतलं." त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सलाईन लावले, सुई बंद केली, आणि जे पत्रकातून कळायला हवे होते ते पाच मिनिटांत मराठीत समजावून सांगितले. ती पाच मिनिटे आधी का मिळाली नाहीत, हा माझा प्रश्न आहे. तो वैद्यकाला आहे, कायद्याला आहे, आणि सर्वांत आधी आपल्याला, म्हणजे मराठीचे पगारी अध्यापक असलेल्यांना आहे.

मूळ मुद्द्यापूर्वी थोडे व्याकरण. आपण 'मी भूक केली' असे म्हणत नाही; 'मला भूक लागली' असे म्हणतो. वाक्याची कर्त्री भूक. माणूस चतुर्थीत, जिला किंवा ज्याला ती लागते तो. तहान, झोप, ठेच आणि वेड यांच्याच पंगतीत मराठीने भुकेला बसवले आहे. 'भूक मारणे' म्हणताना मात्र माणूस एकदम कर्ता होतो आणि भूक त्याचे सावज. वजनदार माणसाकडे पाहून 'जरा जिभेवर ताबा ठेवा' असे सुचवणारे जे असंख्य संयमवादी आपल्यात आहेत, ते हा व्याकरणाचा फरक विसरतात. शरीरशास्त्राने तो विसरलेला नाही. १९९४ मध्ये लेप्टिनचा आणि १९९९ मध्ये घ्रेलिनचा शोध लागला, तेव्हापासून हे स्पष्ट होत गेले की भूक हा निश्चयाचा दुबळेपणा नसून रक्तातून मेंदूकडे जाणारा निरोप आहे. जठर रिकामे झाले की घ्रेलिन वाढते. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि साठा किती उरला ते मेंदूला कळवतात. वजन उतरू लागले की मेंदूला ते दुष्काळाचे लक्षण वाटते आणि तो भूक वाढवतो. निरोप असा असतो. तो वाचून न वाचल्यासारखे करायला लावणाऱ्या औषधांना भूक मंदावणारी औषधे म्हणतात.

या औषधांचा इतिहास आपल्या वाङ्मयेतिहासाइतकाच शिकण्यासारखा आहे. त्यात उत्साहाची आणि पश्चात्तापाची आवर्तने आहेत. पहिली पिढी अ‍ॅम्फेटामिनच्या कुळातली, गेल्या शतकाच्या मध्यावरची. ती मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन वाढवते. वाघ मागे लागलेल्या माणसाला जेवण सुचत नाही. ही औषधे शरीराला वाघ मागे लागल्याचा भास घडवतात. भूक जाते, पण झोपही जाते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि गोळीची सवय जडते. याच वळणाचे अमिनोरेक्स १९६५च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकले गेले आणि मागोमाग फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जीवघेणा वाढलेल्या रुग्णांची रांग लागली. १९६८ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

मग सेरोटोनिनची पाळी आली. फेनफ्लुरामिन पोट भरल्याची भावना वाढवत असे. अमेरिकेत ते फेंटरमिनच्या जोडीने धडाक्यात लिहून दिले जाऊ लागले. १९९७ मध्ये ही जोडगोळी घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. कारण पुढे उलगडले: मेंदूत तृप्ती देणारा निरोप्या हृदयाच्या झडपांवरच्या दारावरही टकटक करत होता आणि तिथली ऊती जाड होत होती.

त्यानंतर सिब्युट्रामिन. हे तर आपल्याकडेही सर्रास मिळत असे. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन पेशींत परत शोषले जाऊ न देणे, ही त्याची रीत. सुमारे ९,८०० हृदयविकारी आणि मधुमेही रुग्णांवर त्याची दीर्घ चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम मोठी घटना ११.४ टक्के लोकांना झाली; नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १० टक्क्यांना. वजन उतरत होते आणि धोका चढत होता. काट्याकडे पाहणाऱ्याला हृदय दिसत नव्हते. युरोपने जानेवारी २०१०मध्ये ते थांबवले, अमेरिकेत ऑक्टोबर २०१०मध्ये ते मागे घेतले गेले, भारतात फेब्रुवारी २०११मध्ये बंदी आली. बंदीनंतरही ते मेले नाही. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत आणि चहांत लपवलेले सिब्युट्रामिन जगभरच्या औषध नियंत्रकांना पुनःपुन्हा सापडत राहिले आहे. तेव्हा 'आम्ही बाई फक्त आयुर्वेदिक घेतो' असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

आणि चौथे रिमोनाबँट, ज्याची गोष्ट साहित्याच्या माणसांनी विशेष ऐकावी. खाण्याला चव आणि ओढ देणारी एक यंत्रणा मेंदूत असते. रिमोनाबँट तिचे दार लावून घेई. २००६ मध्ये युरोपने त्याला परवानगी दिली. भूक खरोखर कमी झाली. पण काही जणांची खाण्यावरची वासना गेली तशी जगण्यावरचीही गेली. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांमुळे अमेरिकी सल्लागार समितीने २००७ मध्ये एकमताने नकार दिला, २००८ मध्ये युरोपने ते थांबवले, २००९च्या डिसेंबरात भारताने बंदी घातली. तोवर देशी कंपन्यांनी ते आपल्या बाजारात आणलेही होते. भूक ही शरीरात एकटी राहत नाही. तिचे घर हृदयाला, झोपेला, सुखाला चिकटून असते. तिला बाहेर काढायला गेलेला प्रत्येक जण शेजारची भिंत पाडून आला. चर्चासत्रात आपण 'भूक हे जीवनेच्छेचे प्रतीक' असे म्हणतो. रिमोनाबँटने दाखवले की ते प्रतीक नव्हते, वस्तुस्थिती होती.

आताची सुई या सर्वांहून वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नाहीतर हा लेख संयमवाद्यांच्या पदरात जाऊन पडेल. जेवण लहान आतड्यात उतरले की आतड्याच्या काही पेशी जीएलपी-वन नावाचे संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला, रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच, इन्सुलिन सोडायला सांगते. जठर सावकाश रिकामे करते. आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या भूक-तृप्तीच्या केंद्रांना 'पुरे' म्हणून कळवते. हे नैसर्गिक संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरघळते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो; त्याच्या विषात याच्यासारखे पण टिकाऊ द्रव्य १९९२ मध्ये सापडले आणि त्यावरून बेतलेले पहिले औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आले. पुढच्या सेमाग्लुटाइडचा अंमल इतका टिकतो की आठवड्याला एक सुई पुरते. टिर्झेपेटाइड आणखी एका संप्रेरकाची नक्कल जोडीला घेते. १,९६१ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरवले. खोट्या सुईने २.४ टक्के. जाड आणि हृदयविकारी अशा १७,६०४ रुग्णांच्या २०२३च्या चाचणीत, त्यांना मधुमेह नसतानाही, हृदयाच्या मोठ्या घटना २० टक्क्यांनी घटल्या. सिब्युट्रामिनच्या नेमके उलटे. तेव्हा हे औषध थोतांड नाही. ज्याला गरज आहे त्याला ते जीवदान देऊ शकते.

पण खरे औषध आहे म्हणूनच त्याचे धोकेही खरे आहेत. मुलगी निघून गेल्यावर त्या रात्री मी तिच्यासाठी एक पान लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घेतले. वाङ्मयीन मूल्य शून्य, तरी ते इथे देते.

"हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सुरुवात लहान मात्रेने होते आणि मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने वाढवतात. लवकर बारीक व्हावे म्हणून आपल्या मनाने वाढवू नका. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होते. उलट्या थांबत नसतील आणि लघवी कमी झाली असेल तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कामावर जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. सुई बंद करा, दवाखाना गाठा. पित्ताशयात खडे होऊ शकतात. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे, ही त्याची लक्षणे. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते; त्या औषधांची मात्रा डॉक्टर बदलतील. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर आधी सांगा. अचानक दिसेनासे झाले तर ताबडतोब जा. हे फार क्वचित घडते, पण घडते. तुम्हाला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झाला असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुईबद्दल सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते. मूल हवे असेल तर आधी बोला. टिर्झेपेटाइड घेत असाल तर गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो; दुसरा उपाय विचारा. पेन फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले वापरू नका. सुई थांबवली की भूक परत येते."

पान तेवढेच. शेवटच्या वाक्याबद्दल थोडे अधिक. त्या १,९६१ जणांपैकी काहींचा औषध थांबवल्यावर वर्षभर मागोवा घेतला गेला, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आलेला होता. म्हणजे हा चार महिन्यांचा कोर्स नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घकाळचा संसार आहे. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५मध्ये आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती आणि ती एका आठवड्याची. वजन उतरवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये आले. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ची. पेटंट सरले की किंमत उतरते, आणि किंमत उतरली की औषध कोथरूड-बाणेर ओलांडून तळेगाव, कामशेत, नवलाख उंबरे इथे पोचते. याचे स्वागतच करायला हवे. प्रश्न एवढाच, की औषधाबरोबर त्याची भाषाही पोचते का? किंमत उतरली की नकली मालही येतो. २०२३ मध्ये तीन देशांत सापडलेल्या बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेला जून २०२४मध्ये जगाला सावध करावे लागले होते.

इथे आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगायला हवी. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या हिशेबात मांडलेला वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा एक, देह दोन. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. गर्भारपणापूर्वी त्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. लहान असूनही या बाळांनी चरबी मात्र राखून ठेवली होती; कमतरता स्नायूंत आणि अवयवांत होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याने देहाला दिलेले हे वळण असावे, असे त्यांचे प्रतिपादन. तेच मूल पुढे भरल्या ताटावर बसले की मधुमेहाच्या वाटेला लागते.

भुकेवरच्या आपल्या चर्चासत्रात ही सहा खेडी का नव्हती? १९७२ची भूक आणि २०२५ची सुई यांच्यामधला धागा तिथे आहे. 'पूर्वीची माणसे कशी काटक' म्हणणाऱ्यांना उत्तर तिथे आहे: त्या काटकपणाची किंमत नातवंडांच्या स्वादुपिंडाने मोजली. आणि औषधाच्या पत्रकाला एक प्रश्नही तिथेच आहे. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांचे स्नायू मुळात कमी, त्यांनी ताटात डाळ, अंडी, दूध किती ठेवायचे आणि व्यायाम कोणता करायचा, हे कोण सांगणार? सुई दिली की भूक नाही, भूक नाही म्हणून दोन घास, आणि दोन घास म्हणजे भात. आमच्या मावळात इंद्रायणी तांदळाचा भात सुरेखच होतो. पण नुसत्या भातावर स्नायू राहत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला: पत्रक डॉक्टरांसाठी असते, रुग्णाने ते वाचायचेच नसते. ठीक. मग डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्याशिवाय औषध मिळता कामा नये, याची व्यवस्था आहे का? खोक्यावर चिठ्ठीची अट छापलेली असते आणि पुष्कळ काउंटरांवर ती वाचायला कुणाला वेळ नसतो. चिठ्ठीही नाही आणि वाचता येणारे पत्रकही नाही, तर त्या बाईपाशी उरते ती ओळखीतल्या कुणाची तरी ग्वाही. 'मला काही झालं नाही, तुलाही होणार नाही.' चिठ्ठी हे कागदी लचांड नव्हे. आधीच्या चारही औषधांच्या गोष्टी पुन्हा वाचा. गोळी कोणाला, किती आणि कोणावर लक्ष ठेवून, हे विचारायचे राहिले तिथे माणसे जास्त दगावली.

दुसरा आक्षेप: रुग्णाने धोके वाचले तर तो घाबरून औषधच घेणार नाही. युरोपीय संघात रुग्णासाठीचे पत्रक त्या त्या देशाच्या अधिकृत भाषेत देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते सामान्य रुग्णांकडून वाचून घेऊन त्यांना कळते की नाही हेही तपासावे लागते. एस्टोनियन भाषा बोलणारे लोक जेमतेम ११ लाख. सेमाग्लुटाइडचे पत्रक एस्टोनियनमध्ये आहे. तिथल्या कोणी घाबरून औषधे टाकून दिल्याचे ऐकिवात नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले, मीही वाटले. २०२२च्या दुरुस्तीने लहानसहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. त्यामुळे आज मेडिकलची पाटी ठळक मराठीत असते आणि आतले पत्रक मुंगीएवढ्या इंग्रजीत. उंबऱ्याच्या बाहेर अभिजात, उंबऱ्याच्या आत मुकी.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला: मराठीत तशी परिभाषा नाही. हे खोटे आहे. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड हे शब्द शाळेच्या पुस्तकात आहेत, आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कपाटांत आहेत. अडचण दुसरीच आहे. आपण मराठीत शास्त्र लिहायला बसलो की 'स्वादुपिंडदाहसंभाव्यता' असे काहीतरी लिहितो, जे इंग्रजीइतकेच परके असते. कळ पोटात येऊन पाठीत जाते, हे लिहिण्याचे धैर्य आपल्यात नाही, कारण ते आपल्याला 'लेखन' वाटत नाही. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण जाहिरातलेखन शिकवतो, त्याला गुण देतो. सूचनापत्रक शिकवत नाही. याचा विपर्यास असा, की लठ्ठपणावरच्या औषधांची जाहिरात करायला १९५४च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा हा शब्द स्पष्ट आहे. तरी पंधरा दिवसांत दहा किलो उतरवून देणारी मराठी भिंतींवर आणि मोबाइलवर कशी ओघवती, घरगुती आणि बिनचूक असते! भुलवण्यासाठी मराठी चालते, सावध करण्यासाठी चालत नाही. हा भाषेचा पराभव नाही, भाषा शिकवणाऱ्यांचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शासनाने चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधांसोबत रुग्णासाठी मराठी पत्रक सक्तीचे करण्याचा आग्रह केंद्राकडे धरावा. अभिजात दर्जाच्या उपक्रमांत याहून निकडीचा उपक्रम मला दिसत नाही. ते होईल तेव्हा होवो. तोवर प्रत्येक मराठी विभागाने वर्षाला एक पत्रक हाती घ्यावे, शेजारच्या डॉक्टरांना आणि औषधनिर्मात्याला बसवून ते मराठीत करावे, आणि विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांना वाचायला देऊन कुठे अडते ते पाहावे. दहा गुणांचा प्रकल्प म्हणून ते सहज बसते. यात सर्जनशीलता नाही, असे कुणी म्हणेल त्याने एकदा 'दिवसातून दोनदा जेवणापूर्वी' हे शब्द कुणाचाही गैरसमज होणार नाही असे लिहून दाखवावेत.

त्या मुलीला दिलेले पान तिने घडी करून पर्समध्ये ठेवले. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. कारखान्यातल्या तिच्या ओळीत आणखी दोघी तीच सुई घेतात, त्यांनी पानाची झेरॉक्स मागितली आहे, देऊ का, असे विचारत होती. मी दे म्हटले. वरून एवढेच सांगितले, की पान दिले तरी डॉक्टरांकडे जायला सांग. ती म्हणाली, "ते पानाच्या पहिल्याच ओळीत आहे की, मॅडम."